सोड्याची जाळी

वारंगा फाटा,
२७ ऑगस्ट २००१

शिलाबाई,

कागदाच्या वर देवाचं नाव लिहायचं असतं हे मला म्हाईत आहे. आज लिहू वाटलं न्हाई.

तुमच्या भावाची बेकरी कालपासून बंद आहे. हिंगोलीहून साहेब जीप घेऊन आला, मैदा, डालडा, साखर सगळ्याचा थोडा थोडा नमुना बाटल्यांत भरला आणि दाराला सील मारलं. फाट्यावरचे दुकानदार, ट्रकवाले, गाडीतून उतरलेले लोक गोल करून बघत होते. तुमचे भाऊ हात बांधून मधी उभे. साहेबानं एक कागद वाचून दाखवला. पंधरा ऑगस्टला आश्रमशाळेत वाटलेली बिस्किटं जगन वसराम राठोड यांच्या बेकरीतली असून त्यात खाण्यास अयोग्य क्षार आहे, अशी विज्ञान शिक्षिकेची लेखी तक्रार आहे. खाली सही तुमची.

मी या घरात आले तवा तुमी नववीत होत्या. वसतिगृहातून सुटीला आल्या की भट्टीतला पहिला पाव तुमच्या ताटात पडायचा. अशा बहिणीनं सख्ख्या भावाचं नाव कागदावर लिहून द्यायच्या आधी एकदा येऊन विचारायला काय हरकत होती? साखऱ्याहून इथं यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, एवढंच ना.

बापू दोन दिवसांपासून जेवले न्हाईत. सासरे म्हणून सांगत न्हाई, तुमचे वडील म्हणून सांगते. त्या कागदात आणखी काय काय लिहिलंय ते कळवा. साहेबानं अर्धाच वाचला.

निता जगन राठोड


साखरा,
५ सप्टेंबर २००१

सौ. नितावहिनी यांस,

सही माझीच आहे. कागदात जे लिहिलं ते खाली लिहिते, म्हणजे अर्धवट राहायला नको.

शाळेनं बिस्किटांची ऑर्डर दादाला दिली ती माझ्या शब्दावर. झेंडावंदन झाल्यावर दोनशे दहा मुलांना मी स्वतः बिस्किटं वाटली. मुलं म्हणाली, बाई, कडू लागतं. मी म्हणाले, नखरे नकोत, खा. तासाभरात अकरा मुलं ओकायला लागली. पहिलीतल्या मिराचं तोंड आतून सोललं. तिला हिंगोलीच्या दवाखान्यात चार दिवस पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. तिची आजी पारुबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, तुमच्या भावाचीच ना वो ती बिस्किटं?" मी हो म्हणाले.

उरलेलं एक बिस्किट मी कुटून पाण्यात कालवलं आणि चिमूटभर हळद टाकली. पाणी लालभडक झालं. तेवढ्यावर मी थांबले नाही. बिस्किट मोडून पाहिलं, आत जाळी नव्हती. खाण्याचा सोडा तापला की त्यातून वायू सुटतो, तो पिठात कोंडला जातो आणि जाळी पडते. धुण्याचा सोडा भट्टीत कितीही तापवा, वायू सोडत नाही. म्हणजे त्या पिठात धुण्याचा सोडा होता, आणि भरपूर होता. जाणूनबुजून घातला की डोळे मिटून, ते तुम्हाला ठाऊक.

आधी येऊन विचारलं असतं तर तुम्ही मला गप्प बसायला लावलं असतं. म्हणून आले नाही.

शिला राठोड


वारंगा फाटा,
२० सप्टेंबर २००१

शिलाबाई,

लेकरं कडू लागतं म्हणली अन् तुमी खा म्हणल्या. हे तुमच्याच हातानं लिहिलेलं आहे, मी जपून ठेवलंय. साहेबाच्या कागदात हे लिहिलं का तुमी?

जाळीचं मला शिकवू नका. तुमचे भाऊ निजामाबादला चार वर्षं एका बेकरीत भट्टीचे पत्रे घासत घासत काम शिकले, अन् त्यांच्याकडून मी शिकले. मैदा इतका मळायचा की चिमटीत धरून ताणला तर पापुद्र्यातून उजेड दिसला पाहिजे, पण फाटला न्हाई पाहिजे. तवा त्यात हवा राहते, तवा पाव फुगतो अन् कापला की जाळी दिसते. बिस्किटाचं उलटं. ते जास्ती मळलं की चिवट होतं. तिथं जाळी सोड्याची. तुमाला हे पुस्तकात वाचायला लागलं, माझ्या हाताला म्हाईत आहे.

बेकरीत धुण्याचा सोडा आमी ठेवत न्हाई. कपडे घरी बोअरवर धुतो, वडीच्या साबणानं. आमच्या हातून काही झालं असंल तर जाणून न्हाई झालं. तकलीफ लेकरांना झाली, त्याचं मला वाईट वाटत न्हाई असं समजू नका.

तुमचे भाऊ आता फाट्यावर ट्रक भरायला जातात. परवा एकानं विचारलं, "काय जगनशेठ, बिस्किट न्हाई खिलवत?" सगळे हसले. ते पोतं खांद्यावर घेऊन तसेच पुढं गेले. हे बापूनं मला सांगितलं, त्यांनी न्हाई.

तक्रार वापस घ्या. एवढं लिहायला हे पत्र लिहिलं.

निता


साखरा,
२८ ऑक्टोबर २००१

सौ. नितावहिनी यांस,

तक्रार मागं घेणार नाही. जानेवारीत शाळेत चौकशी आहे. वरचे अधिकारी येतील, पालक बसतील, दादालाही नोटीस येईल. मी तिथं तेच सांगीन.

मुलांना मी खा म्हणाले, ते खरं आहे. ते मी रोज स्वतःला ऐकवते, तुमची गरज नाही. पण मी वाटणारी होते, बनवणारी नव्हते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मैदा कसा मळायचा, निजामाबाद, ट्रक, सगळं आहे. एकच गोष्ट नाही. त्या दिवशी सोडा कुठून आला? बेकरीत धुण्याचा सोडा ठेवत नाही म्हणता, मग पिठात तो कुठून पडला? दुकानाचं नाव द्या. नाव दिलंत तर दादाची अर्धी सुटका होईल. देत नाही याचा अर्थ काय घ्यायचा?

दिवाळीला येणार नाही. बापूंना इकडं पाठवून द्या. ज्या घरात खाण्यापिण्याच्या डब्यांचा भरवसा नाही, तिथं म्हाताऱ्या माणसाला ठेवायला मला भीती वाटते.

शिला


वारंगा फाटा,
९ नोव्हेंबर २००१

शिलाबाई,

बापूबद्दल लिहिलं न्हाई पाहिजे होतं तुमी. ती ओळ वाचली अन् मी ठरवलं.

दुकानाचं नाव पाहिजे ना? लिहून घ्या. शिला वसराम राठोड.

यंदाच्या संक्रांतीच्या सुटीत तुमी इथं आल्या होत्या. शाळेच्या प्रदर्शनासाठी कसले तरी खडे बनवत होत्या. रात्रभर पातेलं अंगणात थंडीत ठेवायच्या. जाताना चांगले चांगले खडे कापसात बांधून नेले. उरलेलं एका पत्र्याच्या डब्यात घालून भट्टीच्या खोलीत फळीवर ठेवलं. डब्यावर चिठ्ठी डकवली, सोडा, शिला. त्यात ते खडे आहेत हे मला तवा म्हाईत नव्हतं. तुमी नेहमी हिंगोलीहून येताना इसेन्स, सोडा घेऊन यायच्या. मला वाटलं, तसाच आणलेला.

चौदा ऑगस्टला एवढी मोठी ऑर्डर, आमचा सोडा सरला. तुमच्या भावानं वरचा डबा काढला. आत पांढरी पूड. तराजूत बराबर मापून घातली. पहिला पत्रा काढला तर बिस्किट फुगलं न्हाई. त्यांना वाटलं, सोडा जुना झाला, दम उरला न्हाई. म्हणून पुढच्या घाण्यांना दुप्पट घातला. शाळेला गेला तो हा माल.

सोळा तारखेला शाळेतून निरोप आला. आमी तिघांनी डबा खाली काढला. बापूनं चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलं अन् चिठ्ठी वाचली. वाचली म्हणजे, तुमच्या नावापुरतं त्यांना वाचता येतं. मग त्यांनी माझा हात धरला. म्हणले, "सूनबाई, पोरीची नोकरी जाईल. तांड्यातून ती एकटीच शिकली." तुमच्या भावानं साहेबाला सांगितलं, सोडा कुठून आणला ते आठवत न्हाई. त्याची शिक्षा ते भोगून राहिले.

डबा माझ्याकडं आहे. चिठ्ठीबी तशीच आहे.

निता


साखरा,
१७ नोव्हेंबर २००१

सौ. नितावहिनी यांस,

तुमचं पत्र खोटं आहे, आणि का खोटं आहे ते मी सिद्ध करून दाखवू शकते.

डबा माझा, चिठ्ठी माझी, हे मान्य. धुण्याच्या सोड्याचेच खडे होते, हेही मान्य. पण खडे. अंगठ्याएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे, खडीसाखरेसारखे. मी हातानं एकेक उचलून डब्यात ठेवले. तुम्ही लिहिता, आत पांढरी पूड होती. खड्यांची आपोआप पूड होत नाही. कुणी तरी खडे फेकून तुमची पूड त्यात भरली, आणि आता चिठ्ठीवर माझं नाव आहे म्हणून सगळं माझ्यावर ढकलायचं ठरलं. बापूंना मधे घातलंत ते याचसाठी, कारण त्यांच्यावर मी अविश्वास दाखवणार नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही सातवी शिकलात. मी बी.एस्सी. आहे. खडा आणि पीठ यांतला फरक मला कळतो. पुन्हा असं लिहिलंत तर पत्र चौकशीत ठेवीन.

शिला


वारंगा फाटा,
१ डिसेंबर २००१

शिलाबाई,

सातवी शिकले म्हणून पत्र छोटं लिहिते.

सोबत पुडी घातली आहे. डब्याच्या तळाशी कोपऱ्यात राहिलेलं खरवडून काढलं. तुमचं विज्ञान लावून बघा. चौकशीत ठेवायचं तर हेबी ठेवा.

निता


साखरा,
३ जानेवारी २००२

वहिनी,

पुडी आली तेव्हा मी ती न उघडता खणात टाकली. आठ दिवस तशीच होती. मग एका दुपारी वर्ग सुटल्यावर हळद लावून पाहिली. लाल झाली. तरी मी स्वतःला म्हणाले, हे माझे खडे नव्हेत, यांनी कुठून तरी आणलेलं पीठ आहे.

तुम्हाला खोटं ठरवायचं म्हणून मी पुन्हा खडे केले. थंडी होतीच. दोन रात्रींत पातेल्याच्या तळाशी धरले, तसेच काचेसारखे. चार खडे वाटीत घालून चुलीच्या भिंतीशी खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी कडा पांढऱ्या दिसल्या. सहाव्या दिवशी मैदा भुरभुरल्यासारखे झाले. अकराव्या दिवशी मी एकाला बोट लावलं आणि तो ढासळला. वाटीत पूड होती. तुमच्या पुडीतली आणि ती शेजारी शेजारी ठेवली तर मला ओळखता येईना.

तुम्ही बिस्किटं गार करायला तारेच्या जाळीवर रांगेनं मांडता. खडा म्हणजे तशीच मांडणी असते, फक्त चहूबाजूंनी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची. म्हणून मिठाचा दाणा केव्हाही चौकोनीच दिसतो. धुण्याच्या सोड्याच्या जाळीत मधल्या जागा पाण्यानं भरलेल्या असतात. शंभर ग्रॅम खड्यात त्रेसष्ट ग्रॅम नुसतं पाणी. हवा कोरडी असली, भट्टीची ऊब असली, की ते पाणी उडून जातं, जाळी कोसळते आणि खड्याचं पीठ होतं. सोडा तोच, पण पाणी गेल्यामुळं वजनाला दुपटीहून जास्त जहाल. दादानं तराजूत बरोबर मापला, आणि मग त्याचीही दुप्पट केली.

हे मला आज कळलं असं नाही. नववीच्या वर्गात मी दरवर्षी मोरचूद तापवून दाखवते. निळा खडा पांढरा पडतो, मुलं खूश होतात, मी फळ्यावर ‘स्फटिकजल’ लिहिते आणि प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायला सांगते. सहा वर्षं झाली. खड्यांची आपोआप पूड होत नाही हे वाक्य मी तुम्हाला लिहिलं तेव्हा ते सगळं माझ्या डोक्यात होतं. तरी लिहिलं.

एकोणीस तारखेला चौकशी आहे. डबा माझा होता हे मी तिथं सांगणार आहे. नोकरीचं जे होईल ते होईल. बापूंना हे आधी कळू देऊ नका, ते मला अडवायला येतील.

पण वहिनी, तुमची माफी मागायला पेन पुढं जात नाही. एक गोष्ट मला खुपते. ज्या बिस्किटात वायू सुटला नाही ते विटेसारखं होतं. मी ते मोडलं तेव्हा आत पिवळं होतं आणि साबणाचा वास येत होता. ज्या हाताला सगळं माहीत आहे असं तुम्ही लिहिलंत, त्या हाताला हे कळलं नाही, यावर माझा विश्वास नाही.

शिला


वारंगा फाटा,
९ जानेवारी २००२

शिलाबाई,

कळलं होतं.

पंधरा तारखेला पहाटे माल डब्यांत भरताना मी एक मोडलं. पिवळं होतं, गच्च होतं. जिभेला लावलं तर जीभ चरचरली. शाळेची जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. तुमचे भाऊ रात्रभर भट्टीसमोर उभे राहून तिथंच पोत्यावर डोळा लागलेला. त्यांना उठवलं तर माल जाणार न्हाई, अन् माल न्हाई गेला तर शाळेत तुमची मान खाली जाईल, तुमच्या शब्दावर ऑर्डर होती. हे सगळं तवा माझ्या मनात आलं का आता जुळवून राहिले, मलाबी सांगता येत न्हाई. मी एवढंच म्हणलं मनात, लेकरं काय, काहीबी खातात. मोडलेलं बिस्किट चुलीत टाकलं अन् डबे जीपमधी ठेवले.

हे तुमच्या भावाला म्हाईत न्हाई. बापूला न्हाई. आजवर मी कुणाला बोलले न्हाई. तुमच्यावर चार महिने आग पाखडली, त्यातली अर्धी माझी माझ्यावरच होती.

हा कागद वाचून जाळा. तुमी डब्याचं सांगा, ते तुमचं आहे. हे माझं आहे, ते मी बघीन.

निता


साखरा,
२ फेब्रुवारी २००२

वहिनी,

कागद जाळला होता. तुम्ही ऐकलंतच, डब्याचं सांगून झाल्यावर अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "बेकरीवाल्यांना माल खराब आहे हे ओळखता आलं नसतं का?" आणि मी सांगितलं, "नाही सर, नुसतं पाहून ओळखता येत नाही." सहा वर्षांच्या नोकरीत मी विज्ञानाबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले. आणि तुम्ही मागच्या बाकावरून उठलात.

मी बसा म्हणून हात केला. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला ओळखता आलं होतं. मी मोडून बघितलं होतं," असं म्हणालात. दादाची मान तुमच्याकडं वळली ती मी पाहिली. मग तुम्ही खाली बसायच्या ऐवजी सरळ दाराबाहेर गेलात. नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

दोघींचा जबाब लिहून झाल्यावर पालकांना बोलायला सांगितलं. मग पारुबाई उठली. मिरा तिच्या कडेवर होती. ती म्हणाली, "साहेब, माजी नात आता बरी हाय. या दोघी खरं बोलल्या, ते बी बरं झालं. पन मी पाच महिने बघून राहिले. ही म्हनते तिचं, ती म्हनते हिचं. कागदावर कागद. माज्या दारात येऊन या पोरीला कुनी इचारलं न्हाई, बाई, तुजं तोंड दुखतं का अजून." एवढं बोलून ती बसली. अधिकारी वहीत काही तरी लिहीत राहिले. मी दवाखान्यात चार दिवस बसले होते, हे मला तिला सांगावंसं वाटलं. मग आठवलं, तिथंसुद्धा मी बिस्किटाचा तुकडा रुमालात बांधून बसले होते.

चौकशीनंतर मी पारुबाईच्या घरी गेले. तिनं पाट दिला, पाणी दिलं. मिरानं तोंड उघडून दाखवलं. आता काही दिसत नाही. तिखट खात नाही म्हणे.

निकाल असा आहे. हेतू वाईट नव्हता असं अहवालात लिहिलं. बेकरीचं सील मार्चमध्ये निघेल, ताकीद देऊन. मला लेखी ताकीद मिळाली आणि माझ्याकडून विज्ञान काढून घेतलं. सध्या चित्रकला आणि कवायत शिकवते. नोकरी आहे, बापूंना सांगा.

तुम्ही उठायला नको होतं. मी झाकलं होतं.

शिला


वारंगा फाटा,
१४ जून २००२

शिलाबाई,

तुमी झाकलं म्हणूनच उठले. तुमच्या पदराखाली मला उभं राहायचं नव्हतं. यात चांगुलपणा काही न्हाई, हे तुमाला कळावं म्हणून लिहिलं.

चार महिने जवाब दिला न्हाई, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. चौकशीच्या दिवसापासून तुमचे भाऊ माझ्याशी बोलत न्हाईत. तुमच्याकडं साखऱ्याला दोनदा येऊन गेले, मला बापूकडून कळलं. बहिणीनं अजाणता केलं, ते त्यांनी पोटात घातलं. बायकोनं जाणून केलं, ते घालता येत न्हाई. बराबर आहे त्यांचं. जेवायला वाढलं की जेवतात, ताट उचलून ठेवतात. तुमी मधी पडू नका. तुमच्या सांगण्यावरून ते बोलले तर मला ते नको.

पारुबाईच्या घरी मीबी गेले होते, मार्चमधी. तिनं मला पाट दिला न्हाई. दारातच उभी राहून विचारलं, "काहून आली?" मी म्हणलं, पोरीला बघायला. मिरा अंगणात चिंचोके खेळत होती. मी तिला विचारलं, तोंड दुखतं का. ती म्हणली न्हाई. मग म्हणली, तूच का ती. मी व्हय म्हणलं. ती परत खेळायला लागली. पुढं काय करावं मला कळेना, मी तिच्याशेजारी खाली बसले. पारुबाईनं हाकललं न्हाई, एवढंच.

बेकरी एप्रिलपासून चालू आहे. फाट्यावरचे लोक अजून घेत न्हाईत, ट्रकवाले घेतात, त्यांना म्हाईत न्हाई म्हणून. भट्टीपाशी आता मी उभी राहते. माल बाहेर पाठवायचा की न्हाई हे मी ठरवते, अन् तुमचे भाऊ ते गुमान ऐकतात.

आता कामाचं. आमच्या फळीवर सात पांढऱ्या पुडी आहेत. मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा, तुरटी, नवसागर, पापडखार, अन् एक मला म्हाईतच न्हाई काय आहे ती. कोणती कशी ओळखायची, कशानं बिघडते, खडा ठेवावा का पूड ठेवावी, पावसाळ्यात काय होतं, उन्हाळ्यात काय होतं, कोणत्या दोन एका फळीवर ठेवायच्या न्हाईत, हे सगळं मला समजेल अशा मराठीत लिहून पाठवा. शाळेनं तुमाला चित्रं काढायला लावलीत तर चित्रं काढून पाठवा. हे मी नात्यानं मागत न्हाई. मला बेकरी चालवायची आहे अन् हे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला विचारायची माझी इच्छा न्हाई. ख्यालीखुशाली न्हाई लिहिली तरी चालंल.

हे पत्र भट्टीसमोर बसून लिहून राहिले. आत्ता तुमचे भाऊ मैद्याचं पोतं घेऊन आत आले. उभे राहिले. विचारलं, "कुणाला लिहून राहिली?" पाच महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. मी म्हणलं, तुमच्या बहिणीला.

ते म्हणले, "लिही." अन् पोतं खाली ठेवून सुतळी उसवायला बसले.

निता